धूर दिसतो, काम दिसत नाही

पावसाळ्यात डास वाढले की वॉर्डावॉर्डांतून एकच मागणी येते : धूर मारा! खांद्यावर यंत्र घेतलेला कामगार गल्लीतून गेला, पांढरा लोट उठला, म्हणजे नगरपालिका जागी आहे असे आपल्याला वाटते. हा समज एकदा तपासून पाहिला पाहिजे.

या यंत्रातून कीटकनाशक बहुधा डिझेल किंवा रॉकेलात मिसळून, तापवून, हवेत सोडतात. त्या घटकेला जे डास उडत असतील व ज्यांना त्याचे थेंब लागतील, तेवढेच मरतात. पिंपातल्या आणि कुंडीखालच्या बशीतल्या अळ्यांना धक्काही लागत नाही. अंड्यापासून उडता डास होण्यास आपल्याकडे साधारण आठ-दहा दिवस पुरतात. म्हणजे पुढच्या आठवड्यात नवी पिढी हजर! डेंग्यूची साथ भडकली असता धुराचा उपयोग होतो, हे खरे. परंतु तो अडीअडचणीचा उपाय, रोजचा नव्हे. शिवाय तो लोट आधी कामगाराच्या छातीत जातो, आणि मग मागे धावणाऱ्या मुलांच्या.

खरा उपाय मुंबईने पूर्वीच केला होता. डॉ. बेंटली यांनी १९११ साली शहरातील हिवतापाविषयी अहवाल दिला. हा ताप पसरविणारा डास मुख्यतः विहिरींत वाढतो, असे त्यांनी दाखविले. त्यानंतर विहिरी बुजविण्याचे व झाकण्याचे काम पालिकेने हाती घेतले. धार्मिक विधींसाठी विहिरीचे पाणी लागणाऱ्यांनी विरोधही केला. या कामात देखावा नव्हता. पण घाव मुळावर होता.

हवेचेही तसेच आहे. १९१२ च्या मुंबईच्या धूर-उपद्रव कायद्याचा रोख भट्ट्यांवर होता. म्हणजे धूर निघतो त्या जागेवर. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई महापालिकेने बांधकामांसाठी नियम काढले, त्यांतही हेच सूत्र आहे : भोवती उंच पत्रे लावा, तोडकामावर पाणी मारा, राडारोडा झाकून न्या. नुसत्या रस्त्यावर टँकरने पाणी शिंपडले, तर ते वाळताच धूळ पुन्हा उडते.

मात्र मुळावर घाव घालायला माणसे लागतात. गच्चीवर चढून टाक्या पाहणारा कामगार चार महिन्यांच्या कंत्राटावर असेल, तर कोणत्या इमारतीच्या टाकीचे झाकण फुटले आहे, हे पुढल्या वर्षी कोणाला ठाऊक असणार? तपासनीसच नसेल, तर बांधकामाचा नियम कागदावरच राहणार.

म्हणून श्रोतेहो, आठवड्यातून एक दिवस घरातली पाण्याची भांडी रिकामी करून, घासून कोरडी करा. आणि नगरसेवक भेटले, म्हणजे धूर किती वेळा मारला हे विचारू नका. टाक्या किती तपासल्या, नोटिसा किती बजावल्या आणि त्यांचे पुढे काय झाले, हे विचारा.