शिडीवरचा मोहोर

हापूस कापला आणि आत पांढरट, भुसभुशीत साका निघाला, की पानावर बसलेली माणसं गप्प होतात. बाहेरून फळ नितळ असतं. सुरी लागेपर्यंत पत्ता लागत नाही. या साक्याशी झुंजणाऱ्यांना भेटून ये म्हणून संपादकांनी जानेवारीत मला वेंगुर्ल्याला धाडलं.

इथलं फळ संशोधन केंद्र १९५७ चं, आज दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे. काजूच्या ‘वेंगुर्ला’ जाती इथल्याच. पण माझा पाय अडकला तो आंब्याच्या एका शिडीपाशी.

वर एक कामगार बसला होता. हातात चिमटा. आंब्याच्या फुलात बहुधा एकच पुंकेसर कामाचा असतो. ऊन चढून तो फुटायच्या आत खुडायचा, दुसऱ्या जातीच्या झाडाचा पराग टाचणीच्या टोकाएवढ्या कुक्षीवर टेकवायचा आणि तुऱ्यावर पिशवी चढवायची. फूल ज्वारीच्या दाण्यापेक्षा जरासंच मोठं. तुऱ्यावर अशी शेकडो, त्यातली बरीचशी नुसती नर. सकाळभर तो मानही वळवत नव्हता.

एवढं करून धरलेलं फळ वाटाण्याएवढं असताना गळतं, नाहीतर सुपारीएवढं झाल्यावर. जे टिकतं त्याची बाठ रुजवायची. पण हापूसची बाठ लावून हापूस येत नाही. प्रत्येक रोप वेगळं निघतं, आणि त्याची चव कळायला कित्येक वर्षं जातात. बहुतेक रोपं शेवटी तोडावीच लागतात. या धीरापुढे मी मनोमन हात जोडले.

नीलम ही आंब्याची जात दरवर्षी धरते, हापूस एका वर्षी लगडला की पुढच्या वर्षी रुसतो. या दोघांच्या अशाच संकरातून १९८१ साली ‘रत्ना’ आली, साका नसलेली आणि दरवर्षी धरणारी. मग रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून १९९२ साली ‘सिंधू’ आली. तिची बाठ इतकी पातळ, की आतल्या बीला जेमतेम जागा उरते.

तरी बाजारात पेटी उघडली की गिऱ्हाईक विचारतं ते हापूसच. बागायतदाराचंही खरंच आहे. कलम लावायचं म्हणजे पुढच्या पिढीचा पैसा मातीत घालायचा, तो अनोळखी नावावर कसा घालणार? मला मात्र याचं वाईट वाटतं. साक्याने वाया जाणारं फळ आपण मुकाट टाकून देतो, आणि साका नसलेल्या आंब्याचं नावही घरात घेतलं जात नाही.

दुपारी समुद्राकडून ढग चढले. मोहोरावर ढगाळ हवा म्हणजे तुडतुड्यांना आवतण. शिडीवरून उतरलेला तो माणूस जेवायला गेला नाही. झाडाखाली उभा राहून पिशव्या मोजत होता.