डोंगरावरची ग्रंथालये

नगरात सार्वजनिक ग्रंथालय उभारावयाचे म्हटले की प्रथम मुख्य चौकातली जागा नजरेपुढे येते. दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशाच्या मेदेयीन शहराने मात्र निराळी वाट धरली. १९९० च्या सुमारास हे शहर खूनखराब्यासाठी जगभर बदनाम होते. चढावरच्या गरीब वस्त्यांत परका माणूस पाऊल टाकण्यास धजत नसे. २००४ ते २००७ या काळात महापौर असलेले सेर्हिओ फाहार्दो हे मूळचे गणिताचे प्राध्यापक. त्यांच्या कारकिर्दीत बागेसह पाच ग्रंथालयांची योजना हाती घेण्यात आली, आणि जागा शोधल्या त्या बहुतेक अशाच उपेक्षित भागांत.

ही निवड आम्हांस फार मार्मिक वाटते. ला लादेरा येथे पूर्वी तुरुंग होता. त्याच भूमीवर आता मुले पुस्तके चाळतात. सान्तो दोमिंगो साव्हिओ ही वस्ती (डॉन बॉस्कोंच्या त्या किशोर शिष्याचेच हे नाव!) उंच डोंगरावर. तेथवर २००४ मध्ये तारेवरून चालणारे पाळणे सुरू झाले, आणि ग्रंथालयास जागा मिळाली ती त्यांच्या स्थानकाजवळच. कामावरून परतणाऱ्या आईने वाटेतच आत वळावे, निराळा खर्च नाही की वेगळी पायपीट नाही. सान हाविएरचे ग्रंथालयही असेच मेट्रोच्या स्थानकालगत.

मात्र सान्तो दोमिंगोची इमारत २००७ मध्ये उघडली आणि बांधकामातील दोषांमुळे २०१५ मध्ये बंद करावी लागली. जागा अचूक, बांधणी सदोष! दुरुस्ती पुढे कित्येक वर्षे रेंगाळली. पाळणे मात्र रोज माणसे वर आणीतच राहिले.