धुऱ्यावरची झाडे आणि धानावरचा तुडतुडा

२०१७ च्या खरिपात भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात पावसाने ओढ दिली आणि त्यातून वाचलेल्या पिकावर तुडतुडे पडले. तुडतुडा चुडाच्या बुंध्याशी, पाण्याच्या जरा वर बसून रस शोषतो. वरून पाहणाऱ्याला तो दिसत नाही. दिसतो तेव्हा बांधीच्या मधोमध करपल्यासारखा गोल चट्टा पडलेला असतो आणि लोंबीत दाणा उरलेला नसतो. त्या वर्षी नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात कापसावरच्या बोंडअळीबरोबर धानावरच्या तुडतुड्याच्या नुकसानीलाही सरकारने मदत जाहीर केली. अशा वर्षानंतर हवामान बदलले, किडी वाढल्या, आता औषधही वाढवावे लागेल, असा हिशेब मांडला जातो. यातले पहिले विधान बरोबर आहे. दुसरे अर्धवट आहे, आणि त्या अर्धवटपणामुळेच तिसरे चुकते.

कीटकाला स्वतःच्या अंगाची उष्णता राखता येत नाही. भोवतालची हवा जितकी तापते तितकाच तो तापतो. ऊब वाढली की तो जास्त खातो, त्याची अंडी लवकर उबतात आणि एका हंगामात पिढ्या जास्त होतात. मात्र याला एक मर्यादा असते आणि ती ओलांडली की तीच ऊब त्याला मारू लागते. कर्टिस डॉइच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवले, की थंड प्रदेशातले कीटक या मर्यादेपासून बरेच दूर असतात, तर उष्ण कटिबंधातले तिच्या अगदी जवळ जगतात. डॉइच यांच्याच गटाने २०१८ मध्ये मांडलेला अंदाज अधिक गाजला. जगाचे सरासरी तापमान १ अंशाने वाढले, तर धान, मका आणि गहू यांचे किडींमुळे होणारे नुकसान १० ते २५ टक्क्यांनी वाढेल, असा तो आहे. पण त्याच अभ्यासात असेही आहे, की ही वाढ समशीतोष्ण प्रदेशात सर्वाधिक असेल आणि उष्ण देशांत पिकणाऱ्या धानाच्या बाबतीत पुढे मंदावेल, कारण तिथल्या किडींनाही ऊन सोसेनासे होईल. म्हणजे गोंदियात धानाचे काय होणार, हे एकट्या तापमापकावरून सांगता येणार नाही. बांधीभोवती आणखी कोण जगते, यावरही ते अवलंबून आहे.

याबाबत २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेले लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील शार्लट आउथवेट, पीटर मॅकॅन आणि टिम न्यूबोल्ड यांचे संशोधन मला सर्वांत मोलाचे वाटते. जगभरातल्या सुमारे ६,००० ठिकाणच्या जवळपास १८,००० कीटक जातींच्या नोंदी त्यांनी एकत्र तपासल्या. जिथे शेती सघन आहे आणि तापमानही बरेच वाढले आहे, तिथे कीटकांची संख्या कमी तापलेल्या नैसर्गिक अधिवासांच्या तुलनेत ४९ टक्क्यांनी आणि जातींची संख्या २७ टक्क्यांनी कमी आढळली. याहून महत्त्वाचा पुढचा निष्कर्ष आहे. तापमान वाढलेले असूनही शेती हलक्या हाताची असेल आणि आसपासचा ७५ टक्के भाग नैसर्गिक राहिला असेल, तर कीटकांची घट अवघी ७ टक्के होती. हा नैसर्गिक भाग २५ टक्क्यांवर आला, की घट ६३ टक्क्यांवर गेली. तापमानवाढ तितकीच, पण भोवताली सावली आणि ओल असेल तर कीटकांना तग धरता येतो.

गोंदिया जिल्ह्याच्या नकाशावर हे निष्कर्ष ठेवून पाहावेत. जिल्ह्याचा एक तृतीयांशाहून अधिक भाग जंगलाखाली आहे, २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प आहे, मालगुजारीच्या काळातले हजाराहून अधिक मामा तलाव आहेत, बोड्या आहेत आणि बांध्यांच्या धुऱ्यांवर पळस, बाभूळ, मोह उभे आहेत. पळसावरच्या लाखेच्या किड्याकडे पाहिले तर सावलीची किंमत स्पष्ट कळते. त्याचे पिल्लू कोवळ्या फांदीवर एकदा सोंड रोवून बसले की तिथून हलत नाही. उन्हातून पळता येत नसल्यामुळे रंगीनी लाखेच्या बैसाखी पिकात कडक उन्हाळ्याने किडे मोठ्या प्रमाणात मरतात, हे लाख घेणाऱ्यांना ठाऊक आहे. धानातल्या किडींना खाणाऱ्या कीटकांना हलता येते, पण हलायला जागा हवी. वैशाखात बांधी भेगाळते तेव्हा कोळी, ढालकिडे आणि परजीवी गांधीलमाश्या धुऱ्यावरच्या गवतात आणि झुडपांत तग धरतात, चतुर-टाचण्या पाण्याकाठी. रोवणी झाली की हीच मंडळी बांधीत उतरतात.

कीटक कमी झाले तर शेतकऱ्याचे भलेच नाही का, हा प्रश्न इथे येतो आणि तो रास्त आहे. वर्षभराची मेहनत डोळ्यांदेखत वाळताना पाहणाऱ्याला जैवविविधतेचे प्रवचन देणे क्रूरपणाचे आहे. पण घट सर्व कीटकांत सारखी होत नाही. तुडतुड्याची मादी शेकडो अंडी घालते आणि महिन्याभरात नवी पिढी उभी राहते. त्याला खाणारे कोळी आणि चतुर सावकाश वाढतात. औषधाची फवारणी दोघांवर होते, पण भरून येतो तो आधी तुडतुडा. त्याची पानाच्या देठात घातलेली अंडी तर फवाऱ्यापासून बचावलेलीच असतात. फिलिपाईन्समध्ये पीटर केनमोर यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस हेच शेतात दाखवून दिले: जिथे फवारणी जास्त, तिथेच तुडतुड्याचा उद्रेक. इंडोनेशियाने १९८६ मध्ये धानावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली, पुढे औषधांवरचे अनुदान काढून घेतले, आणि तरी तिथले धानाचे उत्पादन कोसळले नाही. फवारूच नका, असा याचा अर्थ नाही. बुंध्याला पाच-दहा तुडतुडे दिसेपर्यंत थांबा, हा कृषी खात्याचा सल्ला याच ज्ञानावर उभा आहे. तो पाळायचा, तर मधल्या काळात तुडतुडे खाणारे शेतात असायला हवेत.

दुसरा आक्षेप असा, की हे सारे परदेशातले आकडे आहेत. जर्मनीतल्या संरक्षित क्षेत्रांत उडणाऱ्या कीटकांचे एकूण वजन २७ वर्षांत ७५ टक्क्यांहून अधिक घटले, हा २०१७ चा अभ्यास जगभर गाजला. तो नागझिऱ्याला जसाच्या तसा लावणे चूकच आहे. रोएल फान क्लिंक यांनी २०२० मध्ये जगभरच्या नोंदी एकत्र केल्या तेव्हा जमिनीवरचे कीटक घटताना, तर गोड्या पाण्यातले वाढताना दिसले. चित्र सगळीकडे एकसारखे नाही. विदर्भात कामच झालेले नाही, असेही नाही. आशिष टिपले यांनी २०११ मध्ये विदर्भातल्या फुलपाखरांच्या १६७ जातींची यादी प्रसिद्ध केली. २०१५ मध्ये त्यांनी आणि पंकज कोपर्डे यांनी महाराष्ट्रातल्या चतुर-टाचण्यांच्या १३४ जाती नोंदवल्या. या याद्या कष्टाच्या आहेत आणि पुढच्या प्रत्येक अभ्यासाचा पाया आहेत. पण कोणती जात कुठे सापडते हे यादी सांगते. ती दहा वर्षांपूर्वीपेक्षा वाढली की घटली, हे दरवर्षी त्याच जागी, त्याच पद्धतीने मोजल्याशिवाय कळत नाही. राज्याच्या क्रॉपसॅप प्रकल्पात किडींवर नजर ठेवणारी यंत्रणा उभी आहे. तुडतुडा आणि खोडकिडा मोजणाऱ्यांनी त्याच बांधीतले कोळी, चतुर आणि ढालकिडेही तितक्याच नेमाने मोजले, तर दहा वर्षांत गोंदियाचे स्वतःचे आकडे हाती येतील आणि जर्मनीकडे पाहावे लागणार नाही.

आकडे येईपर्यंत थांबायला मात्र वेळ नाही, कारण दरम्यान तलावांचे रूप बदलते आहे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, देखभाल सुटली, गाळ साचला आणि काठांवर बेशरम माजले. आता गाळ काढला जातो आहे. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आहे. सिंचनासाठी ते हवेच. पण यंत्राने तलाव काठापासून एकसारखा खोल खणला की उथळ पाण्याचा पट्टा जातो. त्याच पट्ट्यात देवधान, कमळ आणि पाणगवत उगवते. टाचण्या त्यांच्या देठांत अंडी घालतात आणि पाण्यातून बाहेर पडताना चतुराचे पिल्लू त्याच देठांवर चढून कात टाकते. अर्जुनी मोरगाव परिसरात मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजातल्या स्त्री-पुरुषांबरोबर बेशरम उपटून देशी पाणवनस्पती लावण्याचे काम केले, ते मासळीसाठी. कीटकांसाठी वेगळी योजना आखावी लागणार नाही. गाळाच्या कामाच्या अंदाजपत्रकात काठाचा उथळ पट्टा न खणता सोडण्याची एक अट घातली आणि तिथे काय लावायचे हे ढिवरांना विचारले, तर चतुरालाही त्याची जागा मिळेल.