व्यस्त कुटुंबाची ऋतुचर्या

दीर्घ पथ्यपत्रक नोकरदार दांपत्याच्या घरी पाळले जात नाही आणि मग दोष औषधाला येतो, हा अनुभव वैद्यबंधूंना नवा नाही. म्हणून रुग्णास प्रत्येक ऋतूत एक-दोनच सुकर नियम सांगावेत.

वर्षाऋतूत अग्नी मंद असतो. उकळलेले पाणी, जुन्या तांदळाचा भात व मुगाचे वरण पुरे. उरलेला भात २ तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा. शरदात पित्तप्रकोप होतो. दही वर्ज्य करून पडवळ, आवळा व साजूक तूप योजावे. हेमंत-शिशिरात बाजरी, तीळ आणि निदान रविवारी तरी अभ्यंग. वसंतात दिवास्वाप टाळावा. ग्रीष्मात शीतपेयांऐवजी कोकम सरबत द्यावे.

वाग्भटांनी मावळत्या ऋतूचे अखेरचे ७ व येणाऱ्या ऋतूचे पहिले ७ दिवस ऋतुसंधी मानला आहे. या काळात आहारातील बदल क्रमाक्रमानेच करावा.

औषधालयचालकांनीही दक्ष राहावे. च्यवनप्राशात साखर असते. ग्राहकास मधुमेह आहे का, हे विचारावे. १ वर्षाखालील बालकास मधाचे अनुपान मुळीच देऊ नये; त्यातून बोट्युलिझमचा धोका संभवतो.

जे नित्य आचरता येते, तेच खरे पथ्य होय.