ओट्सच्या डब्यातली गुलाबी बशी

चहाच्या पुड्यावर काचेचा पेला फुकट असला, की आई नेमका तोच पुडा उचलते, हो ना? घरी आल्यावर चहा राहतो बाजूला आणि पेला कोणाचा यावरून तुमची भांडणे सुरू! चार-सहा महिन्यांत तो पेला फुटतो आणि सगळे त्याला विसरतात. पण समजा, तो फुटलाच नाही आणि कोणीतरी तो ऐंशी-नव्वद वर्षे जपून ठेवला, तर?

दोस्तांनो, अमेरिकेत अगदी असेच झाले आहे.

1929 साली तिथला शेअर बाजार कोसळला आणि महामंदी आली. 1933 पर्यंत काम करणाऱ्या दर चार माणसांतला एक बेकार झाला होता. लोकांच्या खिशात पैसाच नाही, तर दुकानदाराने माल विकायचा कसा? मग युक्त्या निघाल्या. क्वेकर ओट्सच्या डब्यात हात घातला, की ओट्सखालून बशी किंवा वाटी निघे. कुठे साबणाबरोबर, कुठे पेट्रोल पंपावर काचेची भांडी भेट मिळत. दुकानातही एकेक भांडे काही सेंटांत मिळे. गुलाबी, हिरवा, मधासारखा पिवळा, गडद निळा असे त्यांचे रंग. घरात दुसरे काही नवे येत नव्हते, तेव्हा जेवणाच्या टेबलावर ही रंगीत काच येत होती! मंदीला इंग्रजीत 'डिप्रेशन' म्हणतात, म्हणून पुढे या काचेचे नाव पडले 'डिप्रेशन ग्लास'.

एवढी स्वस्त कशी? कारण ती फुंकून घडवलेली नव्हती. वितळलेल्या काचेचा गोळा लोखंडी साच्यात पडायचा, वरून दट्ट्या दाबला जायचा, झाली बशी! यंत्राचे काम, त्यामुळे बुडबुडे राहायचे, रेघा उमटायच्या. म्हणून साच्यातच फुलापानांची, जाळीची दाट नक्षी कोरलेली असे. नक्षीत खोट लपून जाई. आज लोक ज्या नक्षीवर खूष होतात, ती मुळात खोट झाकण्यासाठी होती, बरं का!

प्रत्येक नक्षीला नावही असते. 'चेरी ब्लॉसम', 'मेफेअर', 'रॉयल लेस', 'माद्रिद'. जीनेट कंपनीने तर चेरी ब्लॉसमची भातुकलीही काढली होती. इवल्याशा कपबश्या आणि ताटल्या, अगदी मोठ्यांसारख्या.

मंदी सरली, युद्ध झाले, प्लॅस्टिक आले. गुलाबी बश्या माळ्यावर गेल्या. मग 1970 च्या सुमारास काही जणांना त्या आठवल्या. हेझल वेदरमन यांनी या काचेवर पुस्तक लिहिले, पाठोपाठ जीन फ्लॉरेन्स यांचे आले. आपल्याकडची बशी कोणत्या कारखान्याची, कोणत्या साली निघाली, हे आता पुस्तकात बघता येऊ लागले. गावोगावी क्लब निघाले आणि 1974 मध्ये त्यांची राष्ट्रीय संघटनाही झाली.

या क्लबात करतात तरी काय? महिन्यातून एकदा जमतात. कोणी एक भांडे आणतो, ते हातोहात फिरते. जाणकार माणूस आधी डोळे मिटून कडेवरून बोट फिरवतो. टवका उडालेला असेल तर तो डोळ्यांआधी बोटाला कळतो! मग भांडे उजेडात धरून बघायचे. काही काच वारंवार यंत्रात धुतल्याने धुरकट होते. तिला हे लोक 'आजारी काच' म्हणतात आणि हा आजार सहसा बरा होत नाही.

पण क्लबांचे खरे काम वेगळेच आहे. जिथे किंमत वाढली, तिथे नक्कल आलीच. 1973 मध्ये चेरी ब्लॉसमच्या भातुकलीतला कप नव्याने बाजारात आला. त्याचा कान जरा वाकडा होता आणि कप उजव्या हातात धरला, की चेरी उलट्या लटकत! ही चूक लवकर लक्षात आली. सगळेच नकलाकार मात्र एवढे वेंधळे नसतात.

माद्रिदचे तर नवलच. तिथे नकलेची गरजच पडली नाही. 1976 साली मूळच्या फेडरल कंपनीनेच माद्रिद पुन्हा काढले, पण प्रामाणिकपणे नक्षीत '76' हा आकडा घालून. पुढे फेडरल बंद पडली, साचे इंडियाना ग्लास कंपनीकडे गेले आणि तो आकडा गायब झाला. आता जुने कोणते आणि नवे कोणते? भलेभले गोंधळले.

म्हणजे काय, साचा ज्याच्या हाती, त्याच्या हाती सगळे.

आता हायझीची गोष्ट ऐका. ओहायोतल्या न्यूअर्क गावात ऑगस्टस हायझी यांचा कारखाना 1896 मध्ये सुरू झाला. ही काच फुकट वाटायची नव्हती, ती चोख आणि महाग होती. चौकटच्या आकारात 'एच' हे अक्षर, ही त्यांची खूण. घोडे, हत्ती, बदके असे काचेचे प्राणी तर फारच देखणे. 1957 मध्ये कारखाना बंद पडला आणि साचे इम्पीरियल ग्लास कंपनीने घेतले. ती त्याच साच्यांतून भांडी काढू लागली आणि काहींवर जुनी खूण तशीच उमटत राहिली!

1971 मध्ये हायझीप्रेमींनी आपला क्लब काढला, 1974 मध्ये न्यूअर्कमध्येच संग्रहालय उघडले. आणि 1984 मध्ये इम्पीरियलही बंद पडली. साचे विकायला निघाले. कोणाही ऐऱ्यागैऱ्याने ते घेतले असते, तर उद्या बाजारात नव्या 'हायझी' हत्तींचे कळपच्या कळप उतरले असते. क्लबने काय केले असेल? एक नक्षी सोडून हायझीचे उरलेले सारे साचे विकत घेतले! ज्यांना काच जमवायची हौस, त्यांनी जडच्या जड लोखंड घरी आणले. नंतर क्लबने त्यातून काही प्राणी दुसऱ्या कारखान्यांकडून करवून घेतले, पण आपली वेगळी खूण घालून. मला विचाराल तर संग्रहालयातल्या सगळ्या चकचकीत काचेपेक्षा हे काळे साचे आधी बघावेत.

आणखी एक गंमत. अमेरिकेत 1907-08 च्या सुमारास फेंटन कंपनीने गरम काचेवर धातूंच्या क्षारांचा फवारा मारून तिला साबणाच्या फुग्यासारखे रंग आणले. जत्रेत बक्षीस म्हणून ती मिळायची, म्हणून तिला पुढे 'कार्निव्हल ग्लास' म्हणू लागले. तशी काच आपल्याकडे फिरोजाबादच्या जैन ग्लास वर्क्समध्येही होत असे आणि आज परदेशातले संग्राहक ती शोधत असतात. तेव्हा आजीच्या कपाटात असा नारिंगी, तेलकट झाक मारणारा जुना पेला दिसला, तर आजीला विचारून, दोन्ही हातांनी धरून, हळूच उलटा करा. तळाशी इंग्रजीत 'जैन' अशी अक्षरे आहेत का ते बघा. आणि पेला खाली ठेवताना टेबलावर आधी टॉवेल घाला!