बोकड उतरला, वास उरला

धाराशिव जिल्ह्यात चारचाकी ही नुसती माणसांची सवारी कधीच नव्हती. डिकीत सोयाबीनचं पोतं, पायाशी दुधाची किटली, भूम-कळंबकडून येताना मांडीवर खव्याचा डबा, तुळजापूरहून येताना परडी आणि तेलानं माखलेला पोत, पाहुण्यांनी निघताना हातात दिलेला मटणाचा डबा. वेळ पडली तर मागची सीट आडवी करून चक्क बोकडही. सामान त्या त्या ठिकाणी उतरतं. त्याचा वास मात्र गाडीतच मुक्काम ठोकतो आणि महिना-दोन महिने हलायचं नाव घेत नाही.

मग सुरू होतात उपाय. आरशाला अत्तराची कुपी लटकते, डॅशबोर्डवर सुगंधी जेलचा डबा बसतो, कुणी भीमसेनी कापूर सुचवतं, कुणी कॉफीची पूड, कुणी डांबराच्या गोळ्या. पंधरा दिवसांनी गाडीत दोन वास असतात, जुना आणि नवा, आणि त्या दोघांच्या मिसळीनं मळमळतं ते वेगळंच. या सगळ्या उपायांत चूक एकच आहे. आपण हवेला वास घालवायला सांगतो आणि वास तर हवेत राहतच नाही. तो फोममध्ये, जाजमात, नळीत, जाळीत दडलेल्या एखाद्या वस्तूतून सारखा सुटत असतो. काचा उघडल्या की हवा बदलते आणि वस्तू तिथंच राहते.

म्हणून मुरलेला गॅरेजवाला आधी काहीच फवारत नाही. त्याचा पहिला प्रश्न असतो, ‘‘मालक, गाडीत काय आणलं होतं?’’ आणि दुसरा, ‘‘वास एसी लावल्यावर येतो का नुसता बसल्यावर?’’ या दोन प्रश्नांत निम्मं निदान होऊन जातं.

मालकाचं स्वतःचं नाक इथं कुचकामी असतं. एकच वास सतत येत राहिला की काही मिनिटांत मेंदू त्याची दखल घेणं सोडून देतो. त्यामुळं ज्याची गाडी त्याला वास येत नाही आणि शेजारी बसलेले मेहुणे मात्र मुकाट्यानं काच खाली करतात. सरळ उपाय म्हणजे गाडी तासभर बंद करून उन्हात ठेवायची आणि त्या दिवशी गाडीत न बसलेल्या माणसाला दार उघडायला लावायचं. उष्णतेनं वासाची द्रव्यं जोरात उडतात, त्यामुळं चोर लवकर सापडतो. बाहेर ४० अंश असताना बंद गाडीत पारा सहज ६०च्या आसपास जातो, आणि आपल्याकडं उन्हाची कमतरता कधीच नसते. त्या माणसानं नाक खाली नेऊन पायपुसणी, सीटच्या फटी, सीटबेल्ट, डिकीतला स्टेपनीचा खड्डा असं एकेक हुंगत जायचं. मग आधी नुसता ब्लोअर आणि नंतर एसी लावून बघायचा.

आता बोकडाचं. जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये अधिकृतपणे उस्मानाबादचं धाराशिव झालं. शेळी मात्र अजून उस्मानाबादीच आहे. काळीभोर, काटक, बहुतेकदा जुळी देणारी आणि मटणासाठी नावाजलेली ही जात. तिचा नर माजावर आला की स्वतःच्या दाढीवर आणि पुढच्या पायांवर मूत्र उडवतो, शिवाय डोक्याच्या कातडीतल्या ग्रंथींतून वेगळं स्निग्ध द्रव्य सुटतं. २०१४ साली टोकियो विद्यापीठातल्या संशोधकांनी बोकडाच्या डोक्यावरच्या केसांतून ४-एथिलऑक्टॅनाल नावाचं द्रव्य वेगळं काढलं आणि त्याच्या वासानं शेळीच्या मेंदूतलं प्रजननाचं चक्र हलतं हे दाखवून दिलं. हेच द्रव्य हवेतल्या ऑक्सिजननं बदललं की ४-एथिलऑक्टॅनोइक आम्ल तयार होतं आणि तोच तो आपल्या ओळखीचा उग्र दर्प. अगदी नगण्य मात्रेतही माणसाच्या नाकाला तो कळतो.

यातला कामाचा शब्द ‘आम्ल’ हा. आम्लाच्या वासाला अल्क लागतो. साबणाच्या कोमट पाण्यानं तेलकट थर उतरवायचा, कापड वाळवायचं, त्यावर खाण्याचा सोडा भुरभुरून रात्रभर ठेवायचा आणि सकाळी व्हॅक्यूमनं ओढून घ्यायचा. सोड्याशी संयोग झाला की आम्लाचा क्षार होतो आणि क्षार उडत नाही, म्हणून नाकापर्यंत पोचत नाही. मूत्राचं गणित मात्र उलटं. त्यातल्या युरियापासून जिवाणू अमोनिया करतात, तो स्वतःच अल्क. त्याला पांढरा व्हिनेगर पाण्यात मिसळून लावावा लागतो. मासळीच्या वासाचंही तेच, तो अमाइन जातीच्या अल्कांचा. उजनी धरणाचे मासे पिशवीतून गळले तर सोडा घासत बसण्यात अर्थ नाही. व्हिनेगर किंवा लिंबू धरा. घरात मासे चिंचेच्या किंवा लिंबाच्या पाण्यानं धुतात ते काही उगाच नाही. सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फेस काढणं हा मात्र निव्वळ तमाशा: दोघं एकमेकांना मारून टाकतात आणि हाती उरतं ते खारट पाणी.

दुधाची गोष्ट जास्त चिवट, आणि दुधाखव्याच्या या मुलखात ती घरोघरी घडणारी. किटलीचं झाकण सैल राहिलं, गाडी खड्ड्यात आदळली आणि अर्धा लिटर दूध कारपेटवर सांडलं. वरवर पुसलं, दिसायला स्वच्छ झालं. तिसऱ्या दिवशी आंबूस वास आणि आठवड्यानं अक्षरशः ओकारीचा. दुधातल्या स्निग्धांशाचे तुकडे होऊन ब्युटिरिक आम्ल सुटतं आणि ओकारीच्या वासातही हेच आम्ल असतं, त्यामुळं ही तुलना नाक आपणहून करतं. बालाघाटाच्या वळणांवर पोरानं खरोखरच उलटी केली असेल तरी इलाज तोच.

पहिलं पाणी गार घ्या. गरम पाण्यानं प्रथिनं गोठून धाग्यांत घट्ट बसतात. फडक्यानं घासायचं नाही, दाबून टिपायचं. त्यानंतर एन्झाइम असलेला क्लीनर, म्हणजे ज्यात प्रोटीएज आणि लायपेज असतात तो. पहिलं प्रथिनं तोडतं, दुसरं चरबी. लोक इथं घाई करतात: फवारलं आणि पाच मिनिटांत पुसलं. एन्झाइमला वेळ लागतो आणि ओल लागते. वर ओलं फडकं आणि प्लॅस्टिक टाकून काही तास तसंच राहू द्या, आणि दूध जितकं खोल गेलंय तितकंच खोल ते द्रावणही जाऊ द्या. उकळतं पाणी किंवा ब्लीच लागलं तर एन्झाइम निकामी होतं. ब्लीचबद्दल आणखी एक: ते व्हिनेगरला भेटलं तर क्लोरीन वायू सुटतो, मूत्रातल्या अमोनियाला भेटलं तर क्लोरामाइन. गाडीसारख्या कोंदट जागेत हे दोन्ही छातीला घातक आहेत.

एसी लावल्यावरच कुबट भपकारा येत असेल तर दोष सामानाचा नाही. डॅशबोर्डच्या आत एसीची कूलिंग कॉइल असते. थंड कॉइलवर हवेतली वाफ धरते, धूळ चिकटते, आणि गाडी बंद केल्यावर त्या ओल्या अंधारात बुरशी आणि जिवाणू पोसले जातात. हे पाणी एका नळीतून गाडीखाली टपकायला हवं. पावसाळ्यात एसी चालू असताना गाडीखाली थेंब पडत नसतील तर नळी चोंदलेली आहे, आणि मग तेच पाणी बहुधा डाव्या बाजूच्या पायाखालच्या कारपेटमध्ये मुरतं. पुढच्या काचेखाली बाहेरची हवा आत घेणारी जाळी असते. गाडी लिंबाखाली किंवा चिंचेखाली उभी राहत असेल तर तिथं पाला साचून कुजतो. केबिन फिल्टर बहुतेक गाड्यांत समोरच्या कप्प्यामागं असतो आणि कप्पा खाली ओढला की हाताला लागतो. कित्येकांनी तो गाडी घेतल्यापासून पाहिलेलाच नसतो. मुक्कामाला पोचायच्या चार-पाच मिनिटं आधी एसीचं बटण बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवायची सवय लावली तर कॉइल वाळते. याला खर्च शून्य आहे, आणि फवाऱ्याच्या महागड्या डब्यांपेक्षा मी या सवयीला जास्त मानतो.

ब्लोअर लावताच कुजका वास आला तर उंदीर. सुगीत सोयाबीनच्या थप्पीशेजारी उभी राहिलेली गाडी म्हणजे त्याला बंगलाच. इंजिनाच्या उबेला यायचं, वायरी कुरतडायच्या, ब्लोअरच्या घरट्यात टरफलं आणि कापूस गोळा करायचा. इथं विषाच्या गोळ्या ठेवणं हा सगळ्यात वाईट सल्ला, कारण विष खाल्लेला उंदीर मरायला नेमका डॅशबोर्डच्या आत जातो आणि मग सगळा डॅशबोर्ड उतरवायची वेळ येते. पिंजरा लावा. मेलेला काढताना हातमोजे आणि मास्क हवेच. कॉम्प्रेसरची हवा मारून लेंड्या उडवू नका. आधी जंतुनाशकानं ओलं करा, मग टिपा. लेप्टोस्पायरोसिस उंदराच्या मूत्रातूनही येतो.

आणि पूर. सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा आणि भूम तालुक्यांत सीना नदीच्या खोऱ्यात जे पाणी आलं, ते दुष्काळाची सवय असलेल्या या जिल्ह्याला नवखं होतं. माणसांना हेलिकॉप्टरनं काढावं लागलं, जनावरं गेली, माती खरवडून गेली. अशा आपत्तीत गाडीच्या वासाचं दुःख फार खालच्या पायरीवरचं. तरीही पुरात बुडालेली गाडी पुढं चालवायची असेल तर हा वास नुसता नाकाचा प्रश्न उरत नाही.

पहिली गोष्ट, बुडालेली गाडी स्टार्ट करायची नाही. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतात, आणि साध्या विम्यात इंजिनाचं हे नुकसान अनेकदा बसत नाही, त्यासाठी वेगळं संरक्षण घेतलेलं असावं लागतं. फोटो काढा, विमा कंपनीला कळवा आणि गाडी ओढून न्या. त्यानंतर घाई वाळवण्याची. ओल्या वस्तूवर बुरशी धरायला एक-दोन दिवस पुरतात. सगळे इथंच फसतात, कारण गाडीतलं कारपेट म्हणजे एकच थर नसतो. वरचा पातळ थर उन्हात दोन दिवसांत वाळतो, हात लावला तर कोरडा लागतो. त्याखाली बोटभर जाड नमदा किंवा फोम असतो, तो आवाज दाबायला घातलेला. तो पिळला की काळपट पाणी गळतं, महिन्यानंतरसुद्धा. दाराच्या चौकटीवरची प्लॅस्टिकची पट्टी काढून कारपेटची कड उचलली आणि खाली मूठ दाबली की खरं काय ते कळतं.

म्हणजे सीट काढाव्या लागतात. ते मेकॅनिकचं काम, कारण सीटखालून जाणारे पिवळे कनेक्टर एअरबॅगचे असतात. आधी बॅटरी सुटी करून काही मिनिटं थांबावं लागतं. कारपेट आणि नमदा बाहेर काढून धुवायचा, उन्हात उलटासुलटा वाळवायचा, आणि नमदा सडला असेल तर त्याचा मोह सोडून नवा घालायचा. तळाचा पत्रा, वायरींचे जोड, स्टेपनीचा खड्डा आणि दारांच्या आतला गाळ, सगळं पुसून कोरडं व्हायला हवं. पुराच्या गाळाचा जो मातकट वास येतो त्यातलं मुख्य द्रव्य जिओस्मिन. पहिल्या पावसानंतर आपल्याला सुखावतो तो वासही बऱ्याच अंशी त्याचाच. मातीतले जिवाणू ते तयार करतात, आणि पाण्याच्या एका लिटरमध्ये दहा नॅनोग्रॅमच्या आसपास असलं तरी माणसाला ते जाणवतं. त्यामुळं गाळ थोडासा राहिला तरी वास पुरता राहतो.

वॉशिंग सेंटरवर हल्ली ओझोनचं यंत्र लावून देतात. ओझोन वासाची द्रव्यं खरोखर जाळतो. सिगारेटच्या धुराचा छताच्या कापडात मुरलेला वास जायला त्याची मदत होते. पण ओला नमदा तसाच ठेवून ओझोन मारला तर आठवड्यात सगळं पूर्ववत. यंत्र चालू असताना गाडीत कुणी बसायचं नाही आणि नंतर चारी दारं उघडून हवा जाऊ द्यायची, कारण तो फुफ्फुसांनाही तसाच जाळतो आणि वारंवार मारला तर रबरालाही चिरा पाडतो. स्वयंपाकघरातला कोळसा डब्यात ठेवण्याचा फायदा नाममात्र आहे. ॲक्टिव्हेटेड कार्बनची पिशवी त्याहून बरी, तीही मूळ घाण काढल्यावर. कापूर हा निव्वळ वासावर वास. डांबराच्या गोळ्या मात्र गाडीत ठेवूच नका. नॅफ्थलीनची वाफ बंद जागेत वाईट, आणि जी-६-पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या मुलांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी तिनं फुटतात.

काही वास धुण्याचे नसतातच. एसीतून गोडसर वास आणि काचेवर चिकट धुकं म्हणजे कूलंट गळतंय. सडक्या अंड्यांचा वास म्हणजे बॅटरी जादा चार्ज होतेय किंवा सायलेन्सरच्या वाटेवर काही बिघाड आहे. सीएनजी किंवा एलपीजीचा उग्र वास मुद्दाम मिसळलेला असतो, गळती कळावी म्हणून. यांतलं काहीही जाणवलं तर काचा उघडा, गाडी थांबवा आणि वासाच्या मागं न लागता मेकॅनिक गाठा.

पुरानंतर वर्ष-दोन वर्षं एक सावधगिरी बाळगायला हवी. बुडालेल्या गाड्या चकाचक होऊन जुन्या बाजारात येतात, आणि दार उघडताच गुलाबाचा नाहीतर लिंबाचा घमघमाट येतो. अशी गाडी बघायला गेलात तर आधी तो सुगंधाचा डबा बाहेर काढायला लावा. काचा चढवून गाडी अर्धा तास उन्हात ठेवा. तेवढ्यात सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्याच्या टोकाला गाळाची रेघ आहे का पाहा, स्टेपनी उचलून खालचा खड्डा पाहा, पुढच्या सीटखाली कारपेटवर मूठ दाबा. मालकानं यातल्या कशालाही नकार दिला तर भाव विचारूच नका.