सूनबाईंची सायकल आणि आमची सहल

सुनेने सायकल दामटावी आणि सासूने रस्त्याच्या कडेला उभे राहून घंटा बडवाव्यात, असे आमच्या पिढीच्या कुठल्याही पुस्तकात लिहिलेले नव्हते. पण गेल्या ऑगस्टमधल्या एका शनिवारी मी नेमके तेच केले, आणि तेही समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटर उंचीवर!

आमचे चिरंजीव अमेरिकेत डेन्व्हरला असतात. सूनबाई त्रेचाळीस वर्षांच्या, नोकरी आणि दोन मुले सांभाळणाऱ्या. चारेक वर्षांपूर्वी त्यांना जाड टायरची सायकल घेऊन डोंगर चढण्याचा छंद लागला. खरे सांगायचे तर मला तो पटला नव्हता. रविवारी सकाळी मुले आईची वाट बघत बसतात आणि आई चिखलाने माखून दुपारी उगवते, हे काय? अर्थात, मी तोंडाने काही बोलले नाही. पण सासूचे न बोलणे सुनेला बरोबर ऐकू जाते!

या वेळी चिरंजीव म्हणाले, "आई, हिची शर्यत आहे. आपण सगळेच जाऊ, सहलच होईल." ह्यांनी लगेच टोपी शोधायला घेतली. मग मी एकटी घरी बसून काय करणार?

लेडव्हिल हे कोलोराडोतले खाणकामगारांचे जुने गाव. डेन्व्हरहून मोटारीने दोनेक तास. उंची ३,०९४ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट. १९८२ मध्ये शेजारची क्लायमॅक्स ही मॉलिब्डेनमची प्रचंड खाण बंद पडली आणि गावाची चूलच विझली. केन क्लोबर नावाच्या तिथल्याच एका खाणकामगाराने डोके लढवले. लोक गावात मुक्कामाला आले तर चार पैसे येतील, आणि मुक्कामाला यायचे तर शर्यत एका दिवसात न आटोपणारी हवी. म्हणून १९८३ मध्ये त्याने शंभर मैलांची पायी शर्यत सुरू केली. १९९४ मध्ये तेवढ्याच अंतराची डोंगरी सायकलींची शर्यत आली. ती खाण २०१२ मध्ये पुन्हा सुरू झाली, पण आज गावाचे नाव जगात निघते ते शर्यतींमुळे.

शंभर मैल म्हणजे साधारण १६० किलोमीटर. मुंबईहून पुण्याला यावे तेवढे, पण सगळे दगडमातीचे चढउतार. हे अंतर बारा तासांच्या आत कापले तर कमरेच्या पट्ट्याचे एक बक्कल मिळते. नऊ तासांच्या आत कापले तर मोठे बक्कल. त्या बक्कलासाठी माणसे वर्षभर घाम गाळतात. आधीच्या वर्षी सूनबाईंना बारा तास चोवीस मिनिटे लागली होती. घरात कोणी त्याबद्दल बोलत नसे, पण स्वयंपाकघरातल्या फळ्यावर '१२' हा आकडा वर्षभर तसाच होता.

आम्ही दोन दिवस आधीच गेलो. तिथे हवा विरळ. जिना चढताना धाप लागते, डोके जड होते. भरपूर पाणी प्यायचे, सावकाश चालायचे आणि पहिल्या दिवशी उगाच हुंदडायचे नाही, एवढे पथ्य मुलांनीही पाळले.

शनिवारी पहाटे साडेपाचला आम्ही गावच्या मुख्य रस्त्यावर. ऑगस्ट असूनही बोटे आखडतील अशी थंडी. स्वेटर, कानटोपी आणि वर चिरंजीवांचा कोट, अशा थाटात मी उभी. साडेसहाला बंदुकीचा बार झाला आणि शेकडो सायकली निघाल्या. चाकांचा तो आवाज मी विसरणार नाही. जणू पत्र्यावर पावसाची मोठी सर आली.

"आता बारा तास काय करायचे?" ह्यांचा प्रश्न. पण या शर्यतीची गंमत अशी, की जायचा रस्ता तोच यायचा. चाळिसाव्या मैलाला ट्विन लेक्स नावाची जागा आहे. तिथून कोलंबाइन नावाच्या जुन्या खाणीपर्यंत, सुमारे ३,८०० मीटर उंचीवर चढायचे आणि पुन्हा तिथेच उतरायचे. म्हणजे एका जागी खुर्च्या टाकून बसले, तर आपला माणूस दोनदा भेटतो. शिवाय निघताना आणि पोचताना. दिवसभरात चार भेटी!

ट्विन लेक्सला तर जत्राच भरली होती. निळे तळे, मागे रॉकी पर्वतातले सर्वांत उंच शिखर माउंट एल्बर्ट, आणि गवतावर तंबू, सतरंज्या, पोरेबाळे, आजीआजोबा. प्रत्येकाच्या हातात गाईच्या गळ्यातली घंटा. नातीने मला एक दिली. कोणीही सायकलवाला आला की सगळे ती वाजवतात. आपला आणि परका असा भेद नाही. तासाभरात माझा हात दुखायला लागला, पण घंटा सोडवेना.

मला एकदम खंडाळ्याचा घाट आठवला. लहानपणी वडिलांचे बोट धरून मुंबई-पुणे सायकल शर्यत बघायला मी तिथे उभी होते. पुढे सायकल मीही चालवली, शाळेत आणि कॉलेजात जाताना. लग्न झाले आणि ती माहेरच्या जिन्याखाली राहिली. कोणी मनाई केली नव्हती. राहिली, एवढेच. हे आठवले तेव्हा सूनबाईंच्या चिखलाकडे बघायची माझी नजर जरा वेगळी झाली, हे कबूल करते.

सव्वादहाची वेळ ठरली होती. त्या दहा चाळीसला आल्या. माझ्याकडे खाण्यापिण्याचे आणि कपड्यांचे खाते. शेंगदाणा-गुळाचे लाडू आणि मीठ घातलेले कोकम सरबत मी स्वतः केले होते. दोन लाडू, एक बाटली, नातवाचा पापा, आणि निघाल्या. दोन मिनिटांत काम फत्ते. मी खूश!

परत येताना मात्र घोटाळा झाला. डोंगरावर दुपारी ढग भरून आले, गडगडायला लागले. सव्वादोनला त्या थरथरत उतरल्या आणि म्हणाल्या, "आई, पावसाचे जाकीट!" आता माझी पद्धत तुम्हा सगळ्या आयाबायांना ठाऊक आहे. पिशवीत पिशवी, त्यात पिशवी, प्रत्येकीला गाठ. जाकीट कुठल्या पिशवीत, हे माझे मलाच आठवेना. चिरंजीव शोधताहेत, नात शोधते आहे, हे "शांतपणे शोधा" म्हणून ओरडताहेत! सूनबाई खुर्चीवर बसल्या. पाच मिनिटांनी जाकीट सापडले, ते माझ्याच खुर्चीखाली.

संध्याकाळी आम्ही पुन्हा गावात. शेवटच्या टप्प्यावर लाल गालिचा अंथरलेला. साडेसहा वाजत आले तसे सगळे लोक घड्याळाकडे आणि रस्त्याकडे आळीपाळीने बघू लागले. सहा पंचवीस. सहा अठ्ठावीस. एक दाढीवाले गृहस्थ तीस सेकंद राखून आले आणि सगळा रस्ता त्यांच्यासाठी ओरडला. मग साडेसहा झाले. सूनबाई दिसल्या नाहीत.

त्या आल्या सहा छत्तीसला. बारा तास सहा मिनिटे.

त्या सहांतली पाच माझ्या पिशवीतली होती. नातवाने मोठ्याने हिशेबही केला. पोरे खरे बोलतात. माझ्या तोंडून शब्द फुटेना. रात्री मी त्यांच्या पायांना तेल लावायला बसले आणि म्हटले, "अगं, माझ्यामुळे गेले तुझे बक्कल."

त्या म्हणाल्या, "आई, पाच वजा केली तरी एक मिनिट उरतेच. आणि ती पाच मिनिटे बसले म्हणून पुढची चढण चढता आली. तिथेच सोडून द्यायचा विचार करत उतरले होते." हे खरे होते की माझ्या समाधानासाठी होते, ते मी विचारले नाही.

या शर्यतीत रेबेका रश नावाची बाई २००९ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, पहिल्यांदा महिलांमध्ये जिंकली आणि २०१२ पर्यंत दरवर्षी जिंकत राहिली. हे मला नातीने सांगितले. तिच्या आईनेही पुढच्या वर्षीच्या सोडतीत नाव घातले आहे, कारण इथे प्रवेशही चिठ्ठ्या टाकून मिळतो.

कोणाला अशा सहलीला जायचेच असेल, तर अनुभवाचे दोन शब्द सांगते. उन्हाची टोपी आणि लोकरीची टोपी, दोन्ही न्या. मुलांना घंटा द्या, ती कंटाळत नाहीत. आणि सामान पिशवीत ठेवू नका; एका चादरीवर डोळ्यांसमोर मांडून ठेवा.

मी पुण्यात परतले त्याला बरेच दिवस झाले. परवा फोनवर सूनबाईंना विचारले, "फळ्यावरचा आकडा पुसलास का गं?"

"नाही," त्या म्हणाल्या, "शेजारी तुमच्या नातवाने एक चादर काढली आहे."